पॅनेलमधलं वायफाय: होस्टएपीडी की नेटवर्कमॅनेजर?

बडोद्यात मकरपुरा जीआयडीसीतल्या एखाद्या भट्टीच्या पॅनेलमध्ये रास्पबेरी पाय हा छोटा संगणक बसवायचा, त्यानं स्वतःचं वायफाय उघडायचं आणि ऑपरेटरनं मोबाईलवर तापमान पाहायचं. मागणी एवढीच. हे वायफाय होस्टएपीडी (वायफाय उघडणारा प्रोग्रॅम) आणि डीएनएसमास्क (मोबाईलना आयपी पत्ते वाटणारा) जोडून उभं करावं, की नेटवर्कमॅनेजर या सगळी जोडणी एकहाती सांभाळणाऱ्या प्रोग्रॅमच्या हॉटस्पॉटवर भागवावं? माझं मत असं: पायची ही पेटी तुमच्या टेबलाजवळच राहणार असेल तर नेटवर्कमॅनेजर, गिऱ्हाइकाच्या शेडमध्ये जाणार असेल तर होस्टएपीडी.

नेटवर्कमॅनेजर सोपा, यात वाद नाही. रास्पबेरी पायच्या प्रणालीत 2023च्या बुकवर्म आवृत्तीपासून तोच मुळात असतो. एका आदेशात हॉटस्पॉट सुरू होतो, पेटीला 10.42.0.1 हा पत्ता मिळतो आणि मोबाईलना पत्ते वाटायचं कामही तोच करून घेतो. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. त्या आदेशानं बनलेला हॉटस्पॉट वीज जाऊन आल्यावर आपोआप उठत नाही. त्याचं ऑटोकनेक्ट, म्हणजे आपोआप सुरू होण्याची सोय, मुद्दाम चालू करावं लागतं.

होस्टएपीडीत सगळं आपणच मांडायचं: चॅनेल, देश, पासवर्ड, वायफायचा स्थिर पत्ता, शिवाय डीएनएसमास्कची वेगळी फाईल. डेबियनवर (पायची प्रणाली याच लिनक्सवर बेतलेली आहे) होस्टएपीडीची सेवा बसवल्यावर मास्क केलेली, म्हणजे सुरूच होऊ नये अशी कुलूपबंद असते, ती आधी खुली करा. वायफायचा इंटरफेस (प्रणालीला दिसणारी वायफायची जोडणी) नेटवर्कमॅनेजरच्या ताब्यातून कायमचा काढा, नाहीतर दोघंही त्यावर हक्क सांगतात आणि नेटवर्क कधी दिसतं, कधी गायब होतं.

एवढे कष्ट का घ्यायचे? बिघाड शोधताना त्यांचं मोल कळतं. मोबाईल नेमका कुठे अडला, ते पाहा. वायफायचं नावच दिसत नसेल तर आरएफकिलची (रेडिओ बंद ठेवणाऱ्या लिनक्सच्या सोयीची) अडवणूक, देशाचा कोड किंवा चॅनेल तपासा. नाव दिसतं पण जोडणी होत नाही, तेव्हा होस्टएपीडी डीबग पर्यायासह समोर चालवा. ऑथेंटिकेशन, असोसिएशन, किल्लीची देवाणघेवाण हे टप्पे एकेक करून दिसतात आणि पासवर्ड जुळत नसावा असा इशाराही स्वच्छ येतो. जोडणी झाली पण मोबाईल आयपी पत्त्यासाठी ताटकळत राहिला, तर दोष डीएनएसमास्कचा. बहुतेकदा इंटरफेसला पत्ता मिळण्याआधीच तो सुरू झालेला असतो. नेटवर्कमॅनेजरमध्ये हे सगळे थर एकाच झाकणाखाली असल्यानं फोनवरून कुणाला समजावणं फार कठीण जातं.

त्याच चिपनं कारखान्याच्या राउटरलाही जोडायचं असेल, तर दोन्ही पर्याय सारखेच अडचणीत. पायची चिप एका वेळी एकाच चॅनेलवर राहते. राउटर 11वर आणि तुमचं वायफाय 6वर, हे जमत नाही. अशा ठिकाणी इंटरनेटसाठी केबल ओढा.

लोखंडी पॅनेलचं दार बंद केल्यावर सिग्नल मरतो, तोही यांपैकी कुठलाच पर्याय वाचवत नाही. बाहेर अँटेना काढता येईल असा यूएसबी अडॅप्टर लावा. पण घेण्याआधी त्याचा लिनक्स ड्रायव्हर ॲक्सेस पॉइंट मोड (स्वतःचं वायफाय उघडण्याची सोय) देतो का, हे आयडब्ल्यू लिस्ट या आदेशानं येणाऱ्या यादीत बघून घ्या. दुकानदाराच्या शब्दावर जाऊ नका.