कांद्याच्या चाळीत एमक्यू-१३५ सेन्सर: एका हंगामाचा अनुभव

एप्रिलच्या शेवटी उन्हाळ कांदा चाळीत भरला, तेव्हाच तीन कप्प्यांत एकेक एमक्यू-१३५ सेन्सर बसवला. हा हवेतले वायू टिपतो; सडत्या कांद्यातून सुटणाऱ्या वायूंवरून सड लवकर कळावी, हा हेतू. छिद्रं पाडलेल्या पीव्हीसी पाइपात घालून कांद्याच्या मध्यावर. एक सेन्सर दीड-दोनशे रुपयांना मिळतो. नोव्हेंबरात चाळ रिकामी झाली, म्हणून आता खात्रीने लिहितोय.

सेन्सरच्या जाळीआड टिन ऑक्साईडचा थर आणि तो तापवायला ५ व्होल्टचा हीटर असतो. अमोनियासारखा वायू लागला की थराचा रोध कमी होतो आणि आर्डुइनोवर (सेन्सरला जोडलेल्या, आकडा वाचणाऱ्या छोट्या बोर्डावर) आकडा चढतो. नवा सेन्सर किमान २४ तास चालू ठेवा, त्याआधीच्या आकड्याला अर्थ नाही. लाईट जाऊन आली की सुरुवातीचे आकडेही सोडून द्यायचे. हीटर सतत करंट खातो. सेलच्या नादी लागू नका, मोबाईलचा चार्जर बरा.

जूनमध्ये मी फसलो. पहिला पाऊस पडला आणि तिन्ही कप्प्यांचे आकडे एका रात्रीत वर गेले. घाबरून मधला कप्पा फोडला, मजूर लावून कांदा निवडला, तर सगळा खणखणीत! हा सेन्सर दमट हवेनेही चढतो. मग चौथा सेन्सर चाळीबाहेर आडोशाला लावला आणि नुसता आकडा बघणं सोडलं. आतल्या-बाहेरच्या आकड्यांतला फरक बघू लागलो. सेन्सर खऱ्या अर्थाने कामाला आला तो तिथून पुढे.

जुलैअखेरीस उत्तरेकडच्या कप्प्याचा फरक सलग चार दिवस वाढत गेला. बाकीचे दोन जागेवर. चाळीत उभं राहून वास अजिबात येत नव्हता. बांबूच्या पट्ट्या सोडवून हात घातला. फूटभर आत कांदा कोमट लागला, मग बोटांना चिकट पाणी. मानेपाशी दाबला की आतला गर भसकन बाहेर. वर बघितलं तर पत्र्याचा जोड बरोबर तिथेच गळत होता. दोन पाट्या सडका कांदा निघाला, भिजलेला पसरून वाळवला. एरवी आम्हाला हे कळायचं ते चाळीखाली पाणी ठिबकायला लागल्यावर, आणि तोवर वरच्या सडीचा रस खालच्या सगळ्या थरांत उतरलेला असायचा. तो कप्पा वाचला, याचं मला फार समाधान आहे.

कोंब आलेला कांदा मात्र याला कळत नाही. काजळीही (कांद्यावरची काळी बुरशी) मला हातानेच सापडली. गोठ्यातला अमोनिया, फवारणी, पाचट जाळल्याचा धूर, सगळ्याने आकडा चढतो. गोठ्याकडचा सेन्सर मला हलवावा लागला. जाळीवर पापुद्र्यांची धूळ बसते, ती महिन्यातून एकदा मऊ ब्रशने झाडा, फुंकर मारू नका. सप्टेंबरात एकाचा आकडा हलेनासा झाला, तो बदलला.

येत्या हंगामात खास अमोनियासाठीचा एमक्यू-१३७ एका कप्प्यात लावणार आहे. तो महाग आहे, म्हणून आधी एकच. बाहेरचा सेन्सर मात्र पहिल्या दिवसापासून.