वाळूत चालायचं की मिठावर उभं राहायचं? थार आणि कच्छ, कोल्हापूरकरांच्या हिशेबाने

दसरा झाला की रंकाळ्यावर सकाळी फिरणाऱ्या आमच्या मंडळींत दरवर्षी हा विषय निघतो. यंदा हिवाळ्यात वाळवंट करायचंच, पण जैसलमेर की कच्छ? मी कच्छला एकदा आणि जैसलमेरला दोनदा जाऊन आलोय. ज्यांना गाइड घेऊन पायी हिंडायचंय आणि रात्री तंबूत किंवा उघड्यावर झोपायचंय, त्यांच्यासाठी हे लिहितोय. माझं मत आधीच सांगून टाकतो. पायी चालायचं असेल तर थार, आणि तिथेही किमान दोन रात्री मुक्काम. आईवडिलांना आणि लहान मुलांना घेऊन जायचं असेल तर कच्छ. दोन्ही हौशी एकाच सहलीत भागवायला गेलात तर एकही धड भागत नाही.

आपल्याकडची माणसं चालण्यात तयार असतात. जुलैच्या धो धो पावसात पन्हाळा ते पावनखिंड ज्यांनी केलंय, त्यांना वाळवंट म्हणजे सपाट मैदान वाटतं. मऊ वाळूत मात्र प्रत्येक पाऊल थोडं मागे घसरतं आणि तेवढंच अंतर चालायला जवळजवळ दुप्पट दम लागतो. वाळूच्या टेकाडाची वाऱ्याकडची बाजू लांबट आणि घट्ट असते, तिच्यावरून चढायचं. पलीकडची बाजू तीस अंशांहून जास्त उताराची असते, तिथे पाय पोटरीपर्यंत रुततो. चांगला गाइड तुम्हाला टेकाडाच्या कडेकडेने नेतो. आमचा उंटवाला बोलता बोलता वाळूचा रंग बघून वाट बदलत होता. दिवसाला दहा-बारा किलोमीटर चाललात तरी भरपूर झालं. सह्याद्रीत तुम्ही दिवसाला पंचवीस करत असाल, तो आकडा इथे विसरा.

काटे हा दुसरा अनुभव. ‘भुरट’ नावाचं गवत तिथे सगळीकडे आहे. त्याची बारीक काटेरी बोंडं मोज्यांत घुसतात आणि चिमटीत धरून काढायला गेलं की बोटात रुततात. लोकरीचे मोजे घातले होते त्या दिवशी मी अर्धा तास तेच काम करत बसलो होतो. घोटा झाकणारे बूट आणि गुळगुळीत कापडाची पँट घ्या. आपल्या कोकणात असतं ते फुरसं तिथेही आहे. थंडीत ते कमी हिंडतं, तरी सकाळी बूट झटकूनच घालावेत आणि रात्री उठलात तर टॉर्चशिवाय पाऊल टाकू नये.

आता थारमध्ये कुठे जायचं ते. जैसलमेरपासून साधारण चाळीस किलोमीटरवर पश्चिमेला सम आहे आणि तेवढ्याच अंतरावर नैऋत्येला खुरी. समची टेकाडं उंच आणि देखणी आहेत, पण डिसेंबरात तिथे तंबूंच्या रांगा, जीपची ये-जा आणि रात्री मोठ्या आवाजातली गाणी असतात. माझी पहिली खेप तिथेच झाली. ‘डेझर्ट ट्रेक’ म्हणून पैसे भरले होते. प्रत्यक्षात जीपने तंबूपर्यंत नेलं, संध्याकाळी अर्धा तास उंटावर बसवलं आणि सकाळी नाश्ता देऊन परत आणून सोडलं. पायी चालणं वाहनतळापासून तंबूपर्यंत. त्या कंपनीच्या पत्रकात ‘ट्रेक’ शब्द चार वेळा छापलेला होता, म्हणून मला त्याचा फार राग आला होता.

दुसऱ्या खेपेला खुरीच्या बाजूने गेलो. आम्ही सहा जण, दोन उंटवाले आणि तीन उंट. सामान आणि पाण्याचे कॅन उंटांवर, आम्ही पायी. तंबू नव्हते. जाड गोधड्या वाळूवरच अंथरल्या. जानेवारीत दिवसा पंचवीस अंशांच्या आसपास असणारी हवा रात्री पाच-सहा अंशांपर्यंत उतरते, कारण कोरड्या हवेत आणि उघड्या आभाळाखाली वाळू दिवसाची ऊब झपाट्याने सोडून देते. पहाटे गोधडीवर हात फिरवला तर दवाने ओलसर लागली. उजाडलं तेव्हा माझ्या उशापासून हातभर अंतरावर वाळूत टाचणीने टोचल्यासारखी दुहेरी रेघ दिसली. ती एका टेकाडावरून येऊन माझ्या पायथ्याशी वळसा घालून पुढे गेली होती. उंटवाल्याने बोट दाखवलं, रेघेच्या टोकाला एक काळा किडा अजून चालत होता. मी पंचवीस वर्षं डोंगर हिंडतोय, पण रात्रभर कोण कुठून कुठे गेलं हे इतकं स्पष्ट लिहिलेलं कुठे पाहिलं नव्हतं. या एका सकाळीसाठी मी थारला परत जाईन.

जेवण म्हणजे निखाऱ्यावर भाजलेला बाजरीचा सोगरा (जाड भाकरी), लसणाची चटणी, गट्ट्याची भाजी आणि एकदा केर-सांगरी. सांगरी म्हणजे खेजडीच्या शेंगा. खेजडी हा राजस्थानचा राज्यवृक्ष. याच झाडासाठी 1730 साली जोधपूरजवळच्या खेजडली गावात 363 बिश्नोई माणसांनी प्राण दिले. ज्या झाडाखाली आम्ही दुपारी सावलीला बसलो त्याच्याच शेंगा रात्री पानात होत्या. तांबड्या-पांढऱ्याची आठवण तिथे कोणालाच झाली नाही.

पाण्याचा हिशेब मात्र काटेकोर ठेवा. जैसलमेरला वर्षभरात पडतो तो पाऊस दोनशे मिलिमीटरच्या आसपास. जुलैत गगनबावड्याला जोराच्या दोन दिवसांत तेवढा होतो. थंडीत घाम जाणवत नाही, कारण तो लगेच सुकतो, आणि तहान लागेपर्यंत डोकं जड झालेलं असतं. माणशी दिवसाला चार लिटर पिण्यासाठी धरा, स्वयंपाकाचं पाणी वेगळं. भांडी वाळूने घासली जातात आणि ती स्वच्छ निघतात. आंघोळ दोन दिवस विसरा. ज्यांना हे चालणार नाही त्यांनी आताच कच्छकडे वळावं, यात कमीपणा काही नाही.

कच्छचं पांढरं रण मुळात वाळूचं नव्हे. पावसाळ्यात तिथे पाणी भरतं, ते आटलं की मिठाचा थर उरतो. भुजपासून ऐंशी-पंच्याऐंशी किलोमीटरवर धोरडो, तिथून पुढे रण. वाटेत भिरंडियाराला परवाना घ्यावा लागतो, ओळखपत्र जवळ ठेवा. (तिथला मावा खाल्ल्याशिवाय पुढे जाऊ नका, आपल्या कंदी पेढ्याच्या जातीचा आहे.) रणात ठरलेल्या जागेपासून मिठावर पायी जाता येतं, पण ते चालणं तासा-दीड तासाचं. मिठावर तंबू टाकून झोपण्याची सोय नाही. मुक्काम गावाकडच्या जमिनीवर, रण उत्सवाच्या तंबूंत किंवा ‘भुंगा’ म्हणतात त्या गोल मातीच्या घरांत. गादी, गरम पाणी, संडास-बाथरूम सगळं असतं. गाइड इथे वाट दाखवायला लागत नाही, भरतकाम करणाऱ्यांच्या आणि अजरख (ठशांनी छापलेलं कापड) छापणाऱ्यांच्या घरी नेण्यासाठी लागतो, आणि त्यासाठी तो जरूर घ्या.

ज्यांच्या घरी नरसोबाच्या वाडीची वारी आहे, त्यांच्यासाठी कच्छच्या बाजूने एक मोठी गोष्ट आहे. काळा डुंगर हा तिथला सर्वांत उंच डोंगर, 460 मीटरच्या आसपास, आणि माथ्यावर दत्ताचं देऊळ. आरतीनंतर तिथे कोल्ह्यांना भाताचा प्रसाद ठेवतात आणि ‘लोंग, लोंग’ अशी हाक देतात. भुकेल्या कोल्ह्यांना दत्तांनी ‘ले अंग’ म्हणत स्वतःचं शरीर देऊ केलं, त्याचा हा अपभ्रंश, असं सांगतात. माझ्या आईने तिथे जे हात जोडले, ते मी जन्मभर विसरणार नाही. गाडी वरपर्यंत जाते, त्यामुळे गुडघे दुखणाऱ्यांनाही जमतं.

तारखा ठरवताना कॅलेंडरात चंद्र बघा. पांढरं रण पौर्णिमेला पाहावं, मीठ तेव्हा उजळून निघतं. म्हणून पौर्णिमेच्या आगेमागे तंबू सर्वांत आधी भरतात आणि महागही असतात. थारला नेमकं उलट करा. अमावास्येच्या आसपास जा, कारण उघड्यावर झोपण्याचं अर्धं सुख आभाळातल्या ताऱ्यांत आहे. जैसलमेरचा मरु महोत्सव माघ पौर्णिमेच्या सुमारास असतो, चालणाऱ्यांनी ते दिवस टाळलेले बरे. दिवाळीच्या सुट्टीत दोन्हीकडे गडबड होते. थारमध्ये दुपारी अजून कडक ऊन असतं आणि रणात बऱ्याचदा पाणी पुरतं आटलेलं नसतं. डिसेंबरअखेर ते फेब्रुवारी मध्य हा खरा काळ.

प्रवासात कच्छ सोपं. महालक्ष्मी एक्स्प्रेसने मुंबई, तिथून कच्छ किंवा सयाजीनगरी एक्स्प्रेसने रात्रभरात भुज. जैसलमेरला बहुधा जोधपूरमार्गे जावं लागतं आणि जोधपूरपासून पुढे आणखी पाच-सहा तास. जाऊन येऊन कच्छला सहा दिवस पुरतात, थारला आठ लागतात. रजा मोजूनच ठरवा.

थार ठरवलंत तर पैसे भरण्याआधी फोनवर थेट विचारा. रोज पायी किती किलोमीटर, कोणत्या गावातून कोणत्या गावात? उंट सामानासाठी की बसण्यासाठी? गटात माणसं किती? पाणी माणशी किती लिटर? कोणी आजारी पडलं तर जीप किती वेळात येईल? ‘सर, टेन्शन मत लो’ एवढंच उत्तर आलं तर फोन ठेवा. डेझर्ट नॅशनल पार्कची हद्द आणि पुढे सरहद्दीचा भाग जवळ आहे, त्यामुळे परवानगी कुठे लागते हे गाइडला माहीत असलंच पाहिजे. पार्कात माळढोक आहे. सोलापूरच्या नान्नजला आपल्याकडे जो जवळजवळ दिसेनासा झाला, तोच. पक्षी दाखवतो म्हणून जो जीप त्याच्या मागे घालतो, त्याच्याबरोबर जाऊ नका. एकट्याने गाइड शोधणं नको वाटत असेल तर यूथ होस्टेल्स असोसिएशनचं हिवाळ्यातलं जैसलमेरचं वाळवंटी ट्रेक शिबिर बघा. गट मोठा असतो, पण चालणं खरं असतं आणि पहिल्यांदा जाणाऱ्या तरुण मुलांना ते मानवतं.

आमच्या रंकाळ्याच्या गटातल्या तिघांनी यंदा पौषातली अमावास्या धरून खुरीची तारीख घेतलीय, चौथे आईला घेऊन कच्छला निघालेत. ते तिघं सध्या दर रविवारी पाठीवर चार लिटर पाणी घेऊन जोतिबाचा डोंगर चढताहेत.