दोन तुकड्या घ्याव्यात की एकाच तुकडीची कालमालिका?

सोलापुरातील शाळेत एम.एड. किंवा पीएच.डी.साठी अध्यापनपद्धतीचा प्रयोग करू पाहणाऱ्याला चिठ्ठ्या टाकून विद्यार्थ्यांचे गट पाडण्याची मुभा मुख्याध्यापक सहसा देत नाहीत, आणि वर्ग मोडले की वेळापत्रकच कोलमडते हे लक्षात घेता त्यांचे म्हणणे रास्तच आहे. मग अर्ध-प्रायोगिक अभिकल्पांपैकी (चिठ्ठ्यांविना, आहेत त्या गटांवरच करायच्या प्रयोगांच्या आराखड्यांपैकी) पेलण्यासारखे दोन उरतात: पूर्व आणि उत्तर चाचणीचा असमतुल्य गट अभिकल्प, म्हणजे एका तुकडीला नवी पद्धत (उपचार) आणि दुसरी, नियंत्रित तुकडी तुलनेसाठी; आणि खंडित कालमालिका अभिकल्प, म्हणजे एकाच तुकडीच्या उपचाराआधी आणि नंतर ओळीने अनेक चाचण्या. मी मराठी वाचनाच्या प्रयोगांसाठी दोन्ही वापरले आहेत.

दोन तुकड्यांच्या अभिकल्पाचे बळ निर्विवाद आहे. संशोधनपद्धतीचे अभ्यासक कॅम्पबेल आणि स्टॅन्ली यांनी १९६३ मध्ये अंतर्गत सप्रमाणतेचे (बदल उपचारामुळेच झाला या निष्कर्षाच्या खात्रीचे) जे धोके मांडले, त्यांतील इतिहास (मधल्या काळातील बाहेरच्या घटना), परिपक्वन (मुलांची आपसूक होणारी वाढ) आणि चाचणीचा परिणाम हे दोन्ही गटांना बहुधा सारखेच लागू होतात. गड्ड्याच्या यात्रेत हजेरी रोडावली तरी ती दोन्हीकडे रोडावते. निवडीचा धोका मात्र शिल्लक राहतो. घरी तेलुगू किंवा कन्नड बोलणारी मुले एका तुकडीत अधिक असतील, तर त्यांच्या मराठी वाचनाच्या प्रगतीचा वेगच निराळा असू शकतो, आणि सहविचरण विश्लेषणाने सुरुवातीच्या गुणांतील फरक समायोजित केला तरी वेगातील हा फरक त्यात सापडत नाही.

तरीही हे सारे मी मान्य केले असते. माझा कौल फिरला तो उपचाराच्या प्रसरणामुळे, म्हणजे तो दुसऱ्या तुकडीपर्यंत झिरपल्यामुळे. प्रायोगिक तुकडीला सकाळी दिलेल्या कृतिपत्रिका संध्याकाळच्या शिकवणीत नियंत्रित तुकडीच्या मुलांच्या वह्यांत उतरलेल्या दिसत. भावंडे, शेजारी आणि एकाच रिक्षातून येणारी मुले यांच्यात तुकडीची भिंत नसतेच. त्यातच नियंत्रित तुकडीच्या बाईंनी, आपला वर्ग मागे पडू नये या स्वाभाविक तळमळीने, जादा तास सुरू केले. यात दोष कोणाचाच नव्हता, परंतु गटांतील फरक पुसट होत गेला आणि तो पद्धत निष्प्रभ असल्यामुळे की प्रसरणामुळे, हे सांगण्यास दोन गटांच्या सरासरी ताडून पाहणारी कोणतीही टी-चाचणी उपयोगी पडली नाही.

कालमालिकेत तुलना त्याच मुलांच्या आधीच्या वाटचालीशी होत असल्याने ही अडचण उद्भवत नाही. शिवाय प्रतिगमनाचा, म्हणजे टोकाचे आकडे पुढच्या वेळी आपोआप सरासरीकडे सरकण्याचा, धोका ओळखण्यास तिचा फार उपयोग होतो. अमेरिकेतील कनेक्टिकट राज्यात वेगमर्यादेची कडक अंमलबजावणी सुरू झाल्यावर रस्त्यांवरील मृत्यू १९५५ मधील ३२४ वरून १९५६ मध्ये २८४ वर आले; कॅम्पबेल आणि रॉस यांनी आधीची वर्षेही मांडली, तेव्हा १९५५ हेच असाधारण वाईट वर्ष होते आणि त्यानंतर काही घट आपोआपही झाली असती, हे स्पष्ट झाले. वाचनात सर्वांत मागे असलेली मुले निवडून उपचारात्मक अध्यापन करणाऱ्याने हे उदाहरण अवश्य ध्यानात ठेवावे.

अर्थात कालमालिकेचेही उणेपण आहे. दर आठवड्याची चाचणी समान काठिण्याची हवी, नाहीतर साधनबदलाचा धोका येतो. लगतच्या निरीक्षणांत सहसंबंध असल्याने साधे विश्लेषण चालत नाही. आणि दिवाळीनंतर ऊसतोडीसाठी स्थलांतर करणाऱ्या कुटुंबांची मुले गळाली, तर आलेखाचा उत्तरार्ध वेगळ्याच गटाचा होतो. ग्रामीण तालुक्यातील शाळा असेल, तर उपचार दिवाळीपूर्वीच संपवावा.

मौखिकीत ‘नियंत्रित गट कोठे आहे?’ हा प्रश्न येतोच. त्यासाठी, शक्य असल्यास, दुसऱ्या तुकडीचीही मालिका सुरू ठेवून तिला तोच उपचार काही आठवड्यांनी द्यावा. दोन्ही आलेख आपापल्या वेळी वळले, तर यात्रा, परीक्षा किंवा हवामान यांवर तो बदल ढकलणे कठीण जाते, आणि पुढे आपल्याही वर्गाला तेच मिळणार हे ठाऊक असल्याने दुसऱ्या वर्गाच्या शिक्षकांची चुरसही बरीच निवळते. शाळा दोनच चाचण्यांना परवानगी देत असेल, तर मात्र दोन तुकड्यांचाच मार्ग उरतो. तेव्हा नियंत्रित तुकडी निदान दुसऱ्या शाळेतली, शक्यतो त्याच भाषिक वस्तीतली घ्यावी.