आकडे खरे, पण कशाचे? विज्ञानाच्या चार फुकट साइट

विज्ञानाच्या साइट म्हटलं की बहुतेक याद्यांमध्ये बातम्या आणि व्हिडिओच जास्त सापडतात. इथल्या चार साइटवर वाचायचं कमी आणि करून बघायचं जास्त. चारही फुकट, लॉगिनची कटकट नाही. मात्र यांतली एकही साइट तुम्हाला हाताला धरून शिकवत नाही. समोर दिसणारा आकडा मोजलेला आहे, गणिताने काढलेला आहे की आदर्श परिस्थितीतला आहे, हे आपणच ओळखायचं. फसगत होते ती तिथेच.

पहिली, अर्थ डॉट नलस्कूल डॉट नेट. कॅमेरॉन बेकारिओने २०१३मध्ये सुरू केलेला हा वाऱ्यांचा फिरता गोल अनेकांनी कुणाच्या तरी फॉरवर्डमध्ये पाहिलेला असतो, पण डाव्या कोपऱ्यातल्या ‘अर्थ’ या शब्दावर क्लिक केलं की मेन्यू उघडतो हे फार थोड्यांना माहीत असतं. त्यातली ‘हाइट’ची ओळ सगळ्यात कामाची. तिथले आकडे मीटरमध्ये नाहीत, हवेच्या दाबात (हेक्टोपास्कलमध्ये) आहेत. ८५० म्हणजे समुद्रसपाटीपासून साधारण दीड किलोमीटर, ५०० म्हणजे साडेपाच, २५० म्हणजे दहा किलोमीटरच्या वर. जून-जुलैत ८५० निवडा. सोमालियाच्या किनाऱ्यालगत वळून अरबी समुद्र ओलांडत थेट कोकणावर येणारा झोत दिसेल. आपला मोसमी पाऊस आणणारा तोच. झोतावर क्लिक केलं की दिशा आणि वेग येतो. दिशा २७० अंश असेल तर वारा पश्चिमेकडे चाललेला नाही, पश्चिमेकडून येतोय. वेगाच्या एककावर क्लिक केलं की किलोमीटर, नॉट, मीटर असं बदलत जातं. वेळ स्थानिक दाखवलीय की यूटीसी (ग्रीनिचची जागतिक वेळ), तेही एकदा बघून घ्या, नाहीतर साडेपाच तासांचा घोळ होतो.

आता अडचण. हे सगळं ‘लाइव्ह’ वाटत असलं तरी वाऱ्याचा नकाशा अमेरिकन हवामान खात्याच्या जीएफएस या संगणकी अंदाज-मॉडेलचा आहे. ते दिवसातून चार वेळा चालवतात आणि चित्र तीन-तीन तासांच्या टप्प्याने पुढे सरकतं. मॉडेलची सार्वजनिक माहिती बारीकात बारीक पाव अंशाच्या जाळीवर मिळते, म्हणजे आपल्या अक्षांशावर एक चौकट सुमारे २७ किलोमीटरची. महाबळेश्वर आणि वाई यांच्यातलं सरळ अंतर त्याहून कमी. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, वाईत त्याच्या पाव हिश्श्याहूनही कमी, आणि नकाशावर मात्र दोन्ही गावं जवळजवळ एकाच चौकटीत. म्हणून पावसाचा थर (‘थ्री-एचपीए’, तीन तासांत पडणारा पाऊस) बघून घाटातल्या ट्रेकचा बेत ठरवू नका. अरबी समुद्रातलं कमी दाबाचं क्षेत्र कुठे सरकतंय हे बघायला मात्र ही साइट उत्तम.

दुसरी साइट फॉल्स्टॅडचा सर्किट सिम्युलेटर, म्हणजे पडद्यावरच सर्किट जोडून चालवून बघायचं साधन. इलेक्ट्रॉनिक्स शिकणाऱ्याने यातली एकच साइट घ्यायची तर ही. मूळचं जावा ॲपलेट (ब्राउझरमध्ये चालणारा छोटा प्रोग्रॅम) पॉल फॉल्स्टॅडचं. ब्राउझरांनी जावाला दार बंद केल्यावर इयन शार्पने ते जावास्क्रिप्टमध्ये आणलं. पिवळे ठिपके म्हणजे धावणारा करंट, तार हिरवी म्हणजे पॉझिटिव्ह व्होल्टेज, लाल म्हणजे निगेटिव्ह, राखाडी म्हणजे शून्य. मोबाइलवर उघडते, पण बोटाने तारा जोडणं वैतागाचं काम, माउस हवाच.

साधा पॉवर सप्लाय तपासून बघू. सर्किट्स मेन्यूत डायोड्सच्या गटात फिल्टरसकट फुल-वेव्ह रेक्टिफायर (एसीचं डीसी करणारं सर्किट) तयार मिळतो. सोर्सवर डबल-क्लिक करा. फ्रीक्वेन्सी ५० करा. ‘मॅक्स व्होल्टेज’मध्ये १२ टाकलंत तर पुढचं सगळंच चुकेल. ट्रान्सफॉर्मरवर लिहिलेले १२ व्होल्ट आरएमएस (एसीचं परिणामी व्होल्टेज) असतात, इथे शिखराचं व्होल्टेज लागतं: १२ गुणिले १.४१४, म्हणजे १७. लोड ३० ओहम आणि कपॅसिटर १००० मायक्रोफॅरड ठेवा, लोडवर राइट-क्लिक करून स्कोपमध्ये बघा. शिखर साडेपंधराच्या आसपास (दीड व्होल्ट दोन डायोडांनी खाल्ले) आणि दरी बाराच्या जवळ. रिपल, म्हणजे शिखर-दरीतला फरक, साडेतीन व्होल्टचा. पुढे लावायच्या ७८१२ या रेग्युलेटर आयसीला स्थिर १२ व्होल्ट द्यायला इनपुटला किमान चौदा-साडेचौदा लागतात, म्हणजे सेकंदाला शंभर वेळा तो आयसी उपाशी राहणार आणि त्यावर चालणारा ॲम्प्लिफायर गुणगुणणार. ४७०० मायक्रोफॅरड टाकलं की रिपल एका व्होल्टच्या आसपास येतो आणि दरी जेमतेम वर राहते. हे सगळं लॅमिंग्टन रोडवर (मुंबईचा इलेक्ट्रॉनिक्स बाजार) एक रुपया न घालवता कळतं.

पण हाच सिम्युलेटर काय लपवतो, तेही बघा. कितीही लोड आला तरी त्याच्या सोर्सचं व्होल्टेज कधी खाली बसत नाही. खऱ्या ट्रान्सफॉर्मरच्या वाइंडिंगला रेझिस्टन्स असतो, तेव्हा सोर्सच्या सिरीजमध्ये एखादा ओहम टाका. त्यानंतर दरी आणखी खाली गेलेली दिसेल. ३० ओहमच्या रेझिस्टरवर कर्सर नेला की कोपऱ्यात साडेसहा-सात वॅट दिसतील. पडद्यावर तो थंड बसतो. टेबलावर पाव वॅटचा रेझिस्टर लावलात तर धूर निघेल. कपॅसिटर उलटा जोडला तरी इथे फुटत नाही. शिखर साडेपंधरा दिसलं म्हणून १६ व्होल्टचा कपॅसिटर आणायचा नाही. लाइनचं व्होल्टेज चढलं आणि लोड नसला की तो मर्यादा ओलांडतो, २५चाच घ्या.

आणखी एक खोच टाइम-स्टेपची, म्हणजे सिम्युलेटर किती वेळाने एकेक बिंदू काढतो त्याची. मूळ सेटिंग ५ मायक्रोसेकंदांचं आहे. ५० हर्ट्झला ते भरपूर झालं. पण १०० किलोहर्ट्झचा स्विचिंग सप्लाय बनवलात तर त्याचं अख्खं आवर्तन १० मायक्रोसेकंदांचं, म्हणजे दोनच बिंदूंत लाट काढायची. आकृती येते, पण ती साफ खोटी असते. ऑप्शन्समध्ये जाऊन स्टेप शंभरपट लहान करा; सिम्युलेशन रखडेल, त्याला इलाज नाही. ‘व्होल्टेज सोर्स/वायर लूप विथ नो रेझिस्टन्स’ असा लाल इशारा आला तर बॅटरी थेट तारेने शॉर्ट झाली आहे किंवा दोन सोर्स समोरासमोर जोडले गेले आहेत. केलेलं काम फाइल मेन्यूतून लिंक म्हणून एक्स्पोर्ट करून ठेवा.

हेवन्स-अबव्ह ही तिसरी. दिसायला जुनाट, कामाला चोख. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानक तुमच्या गावावरून कधी दिसेल, याचा तक्ता ती देते. आधी वर गाव तपासा. तिथे ‘अनस्पेसिफाइड’ असेल तर तो तक्ता शून्य अक्षांश-रेखांशाचा, म्हणजे आफ्रिकेजवळच्या समुद्रातला आहे. ब्राइटनेसचा आकडा जितका उणे, तितकं तेज जास्त. क्षितिजापासूनची सर्वोच्च उंची ४० अंशांच्या वर असलेलीच फेरी निवडा, शहरातल्या इमारतींतून त्याखालचं काही दिसत नाही. फेरीचा शेवट १० अंशांऐवजी मध्येच कुठेतरी उंचावर लिहिलेला असेल तर स्थानक तिथे पृथ्वीच्या सावलीत शिरतं आणि भर आकाशात विझतं. वेळा आठवडाभर आधी लिहून ठेवू नका. स्थानकाची कक्षा अधूनमधून उचलतात, त्यामुळे त्याच दिवशी पुन्हा बघा.

चौथी साइट अरविंद गुप्तांची, अरविंदगुप्ताटॉइज डॉट कॉम. पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेतल्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांनी वर्षानुवर्षं टाकाऊ वस्तूंतून खेळणी बनवली. २०१८मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. मराठी पुस्तकांचा साठा इथे मोठा आहे, पण मांडणी म्हणजे लांबच लांब याद्या. शोधायचं तर ब्राउझरचं कंट्रोल-एफ वापरा. कृती नेमक्या असल्या तरी अडलं तर काय करायचं हे बरेचदा लिहिलेलं नसतं. साध्या मोटरचंच बघा: मोठा सेल, दोन सेफ्टी पिना, एक चुंबक आणि एनॅमल चढवलेल्या तांब्याच्या तारेची आठ-दहा वेढ्यांची कॉइल. तार केसासारखी बारीक घेतली तर टोकं वाकतात आणि कॉइल पिनांमध्ये लटकते, जाड घ्या. दोन्ही टोकांचं एनॅमल सगळीकडून खरवडलं तर करंट सतत वाहतो. अर्ध्या फेऱ्यात मिळालेला धक्का पुढच्या अर्ध्यात उलटा बसतो आणि कॉइल नुसती थरथरते. एका टोकाची खालची बाजू तशीच सोडायची. सगळं बरोबर असूनही हलली नाही, तर बोटाने एक टिचकी द्या. आणि सेल पिनांसकट गरम लागला की लगेच सोडवा, कारण कॉइल थांबलेली असताना तो जवळजवळ शॉर्टच असतो.