शुगर बीटमधला स्टेम निमॅटोड: टेस्ट शेतात घ्यायची की चेंबरमध्ये?

जर्मनीत ऱ्हाईनलँडच्या बाजूला किंवा स्वित्झर्लंडमध्ये बीटच्या ब्रीडिंगवर काम करणाऱ्यांना हा प्रश्न कधी ना कधी पडतोच, आणि हल्ली आपली बरीच मुलं तिकडे पीएचडीला जातात म्हणून जरा सविस्तर लिहितोय. डायटिलेंकस डिप्सासी, म्हणजे हाच स्टेम निमॅटोड (झाडाच्या आत वाढणारा बारीक सूत्रकृमी), बीटचा माथा कसा सडवतो ते तुम्हाला माहीत आहे असं धरून चालतो. रस्ते दोन आहेत, एक तर रोगट शेतात लाईन्स (ब्रीडिंगमधली तपासायची वाणं) लावा आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये गड्डे उपटून सड किती ते स्कोअर करा, नाहीतर चेंबरमध्ये, म्हणजे तापमान ताब्यात असलेल्या बंद खोलीत, रोपांच्या पानांच्या बेचक्यात निमॅटोड सोडा आणि काही आठवड्यांनी आत किती वाढले ते मोजा. मी दोन्ही केलंय.

शेताची बाजू आधी सांगतो कारण ती खरंच भक्कम आहे. शेतकऱ्याला आणि कारखान्याला शेवटी सडका माथाच त्रास देतो, असा माल ढिगात टिकत नाही, आणि ते नुकसान शेतातच दिसतं. बुरशी, बॅक्टेरिया, पाऊस, माती सगळं एकत्र काम करतं, ते चेंबरमध्ये कुणी आणू शकत नाही. तिथल्या काही वाणांत सड कमी दिसते, त्यांना सहनशील म्हणतात, ही गोष्टही शेतातच कळली असणार.

पण मला जे नडलं ते वेगळंच. निमॅटोड शेतात सारखा पसरलेला नसतो, ठिगळं ठिगळं असतात, त्यात वसंतात गारठा आणि ओल नसेल तर तो झाडावर चढतच नाही. मग ऑक्टोबरमध्ये एखाद्या लाईनचा प्लॉट स्वच्छ निघतो, आपण खूश होतो, आणि शेजारच्या रेपमध्ये (त्याच चाचणीच्या दुसऱ्या आवृत्तीत) बघतो तर संवेदनशील चेकसुद्धा, म्हणजे तुलनेसाठी लावलेलं हमखास रोग घेणारं वाणही, तितकाच स्वच्छ. आता सांगा, लाईन प्रतिकारक आहे की निमॅटोड तिथे पोचलाच नाही? याचं उत्तर त्या गड्ड्यात कुठेच नसतं, आणि पुन्हा बघायचं म्हटलं तर पुढच्या मार्च-एप्रिलच्या पेरणीपर्यंत थांबायचं. सडलेल्या गड्ड्याचंही तेच, सड निमॅटोडने सुरू झाली की रायझोक्टोनिया या बुरशीने हे शरद ऋतूत नुसतं बघून सांगणं मला तरी खात्रीने जमत नाही. रेप वाढवा म्हणतात, वाढवून थोडा फरक पडतो, पण ही शंका काही पूर्ण जात नाही.

चेंबरमध्ये निदान हे माहीत असतं की प्रत्येक रोपाला निमॅटोड मिळालाय. गाजराच्या चकत्यांवर वाढवलेले निमॅटोड पाण्यात घेऊन, थेंब लगेच ओघळू किंवा सुकू नये म्हणून त्यात थोडं कार्बॉक्सी मिथाइल सेल्युलोज घालून, बेचक्यात सोडायचे. 15 अंशांच्या आसपास त्यांची पिढी साधारण तीन आठवड्यांत पूर्ण होते आणि एक मादी 200 ते 500 अंडी घालते, त्यामुळे जिथे वाढ होते तिथे आकडा लपत नाही. सिस्ट निमॅटोडसारख्या इथे मुळांवर मोजायला सिस्ट (अंड्यांनी भरलेल्या गाठी) नसतात, टिश्यू कापून बेअरमन फनेलवर (पाण्याच्या नरसाळ्यात निमॅटोड खाली उतरवून) काढावं लागतं, कंटाळवाणं काम आहे खरं. मोजणी मात्र फार लवकर करू नका, कारण पहिल्या काही दिवसांत नुसतं आत शिरलेले किती ते कळतं, आणि आत शिरू देणारं झाडसुद्धा पुढे त्यांना वाढू न देणारं असू शकतं. सहनशील आणि प्रतिकारक यातला फरक इथेच उघडा पडतो, सहनशील वाण स्वतः नीट दिसेल पण आत निमॅटोड मजेत वाढवेल आणि पुढच्या पिकासाठी ते जमिनीत सोडेल. या किड्याचे 450 च्या वर यजमान आहेत आणि कोरड्या अवस्थेत तो 20 वर्षांहून जास्त जिवंत राहिल्याची नोंद आहे, म्हणून मला ही गोष्ट सडीपेक्षा मोठी वाटते.

चेंबरची खोट हीच की रोप लहान असतं, आणि लहान रोपाचा निकाल मोठ्या गड्ड्यात तसाच उतरेल याची हमी मी देणार नाही. शिवाय या निमॅटोडच्या वेगवेगळ्या वंशांमध्ये (रेसेसमध्ये) फरक असतो, एकाच ठिकाणचं कल्चर (वाढवलेले निमॅटोड) वापरलं तर निकालही त्याच्यापुरताच धरावा.

तुमच्याकडे चार-पाच लाईन्स असतील आणि त्या शेतकऱ्याला देण्याच्या बेतात असतील तर शेत घ्या, त्यात वाद नाही. पण शेकडो लाईन्स चाळायच्या असतील किंवा नवीन प्रतिकार शोधायचा असेल तर मी आधी चेंबरच घेईन आणि त्यातून उरतील त्याच शेतात नेईन. कल्चर तुमच्या भागातल्या रोगट बीटमधूनच काढा आणि रोपं पेरायच्या खूप आधी सुरू करा, चकत्यांवर पुरेसे निमॅटोड व्हायला काही आठवडे सहज जातात आणि मध्येच एखादी चकती बुरशीने गेली की ती टाकून नव्याने लावावी लागते.