चार नगरांतले माझे विश्व: नारळीकर सरांचं आत्मचरित्र, नक्की घ्या

२० मे २०२५ ला खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर सर गेले आणि त्याच आठवड्यात मी हे पुस्तक मागवलं, किती वर्षं वाचू वाचू म्हणत राहिलेलं. ऑनलाइन मागवलं ते कोपरे चेपून आलं, पातळ पिशवीत नुसतं कोंबलेलं होतं, त्यामुळे जवळ पुस्तकाचं दुकान असेल तर तिथूनच घ्या, जाडजूड पुस्तक आहे, हातात धरून बघितलेलं बरं.

चार नगरं म्हणजे बनारस, केंब्रिज, मुंबई, पुणे. मला सगळ्यात जास्त आवडलं ते बनारस. वडील हिंदू विद्यापीठात गणिताचे प्राध्यापक, आई संस्कृतची जाणकार, आणि घरात मुलांसाठी भिंतीवर लिहायचे काळे फळे लावलेले. मोरूमामा त्यावर जयंतसाठी एखादं अवघड गणित लिहून ठेवायचा आणि ते सुटेपर्यंत पुसायचं नाही!! हा भाग मी घरात सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवला. पुढे केंब्रिज, तिथे गुरू खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉईल. हे हॉईल म्हणजे १९४९ साली बीबीसी रेडिओवर बोलताना 'बिग बँग' (विश्व एका महास्फोटातून सुरू झालं हा सिद्धांत) हा शब्द पहिल्यांदा वापरणारे, आणि स्वतः त्या सिद्धांताच्या विरोधात. संशोधन करायचं, रेडिओवर लोकांशी बोलायचं, कादंबऱ्या पण लिहायच्या, हे सगळं एकच माणूस करतोय हे नारळीकरांनी तरुणपणीच जवळून बघितलं आणि मला वाटतं तिथेच त्यांचा पुढचा रस्ता ठरला.

कारण सर मराठीत परत आले ते नुसते पाहुणे म्हणून नाही आले. १९७२ ला मुंबईत टीआयएफआर या संशोधन संस्थेत आले आणि १९७४ ला मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत 'कृष्णविवर' पाठवली, ती पण नारायण विनायक जगताप या नावाने, अक्षर कुणी ओळखू नये म्हणून पत्नी मंगलाताईंकडून लिहून घेऊन. (जगतापांची इंग्रजी आद्याक्षरं उलटी वाचून बघा, जेव्हीएन, म्हणजे जयंत विष्णू नारळीकर!) नावावर बक्षीस मिळू नये, कथेवर मिळावं, एवढंच त्यांना हवं होतं आणि मिळालं पण.

माझ्या वयाच्या लोकांना ते माहीत झाले ते दूरदर्शनमुळे, नव्वदच्या दशकात 'ब्रह्मांड' लागायचं तेव्हा. शांत आवाज, कुठे घाई नाही, समोरचा शाळकरी पोरगा आहे म्हणून विषय पातळ करणं पण नाही. त्यांच्या लिखाणात तेच आहे. विमानातून त्यांना सूर्य पश्चिमेला उगवताना दिसला होता, तो किस्सा घ्या. विषुववृत्तावर पृथ्वीचा पृष्ठभाग ताशी साधारण १६७० किमी वेगाने पूर्वेला फिरतो, ६० अंश अक्षांशावर हाच वेग निम्मा होतो, म्हणजे ८३५ च्या आसपास, आणि जेट विमान पश्चिमेला ९०० ने चाललं तर ते पृथ्वीला मागे टाकतं, मग मावळलेला सूर्य परत वर येतो. हे मी नववीतल्या भाचीला पोळीचा गोळा फिरवून सांगितलं, तिला एका झटक्यात कळलं आणि मग अर्धा तास ती मलाच प्रश्न विचारत होती.

आणि पोस्टकार्डं! मुलं सही मागायला आली की सर सांगायचे, सही नको, एका पोस्टकार्डावर विज्ञानातला प्रश्न लिहून पाठव, उत्तर सहीसकट येईल. आणि यायचं. १९८८ ला पुण्यात आयुका ही खगोलशास्त्राची संशोधन संस्था उभी केली, २००३ पर्यंत तिचे संचालक होते, एवढ्या कामात हा माणूस पोरांना पोस्टकार्डं लिहितोय. मला हे वाचून अक्षरशः भरून आलं. आमच्या वर्गातल्या एकाला असं उत्तर आलं होतं, ते कार्ड आठवडाभर वर्गात या हातातून त्या हातात फिरत होतं.

तक्रार आहे ती एवढीच की परदेशातल्या परिषदा, प्रवास, समित्या यांची वर्णनं बरीच लांबतात, तिथे मी पानं भराभर उलटली. टीव्ही, रेडिओ आणि मराठीत विज्ञान लिहिताना शब्द कसे शोधायचे याबद्दल मला अजून खूप काही हवं होतं, आणि कामाच्या जागी राग आला, वाद झाले तरी सर फार जपून बोलतात. पण भाषा एकदम साधी, कुठेही मोठेपणा नाही, २०१४ चा साहित्य अकादमी उगाच नाही मिळाला.

माझ्याकडून ५ पैकी साडेचार. लहान मुलांच्या हातात मात्र आधी हे देऊ नका, त्यांना 'आकाशाशी जडले नाते' द्या, चित्रं भरपूर आहेत, गच्चीवर घेऊन बसता येतं. हे आत्मचरित्र दहावीनंतर, आणि बनारसचा भाग तुम्ही स्वतः वाचून दाखवा.