आढ्याचे कोने: डब्यातली पेस्ट आणि चुना-सुरखी, आठ महिन्यांनंतरचा अनुभव

संक्रांत झाल्यावर परवा शिडी लावून आढ्यापर्यंत चढले आणि मे महिन्याच्या शेवटी चुना-सुरखीने (सुरखी म्हणजे विटांची भुकटी) भरलेल्या दरजा, म्हणजे सांधे, नखाने खरवडून बघितल्या. नखाखाली भुकटी आली नाही. बोटाच्या पेरांनी ठोकलं तर घट्ट, भरीव आवाज आला. आढ्यावर 23 कोने, म्हणजे छपराच्या माथ्यावर बसणारी गोलाईची कौलं, आहेत, तेवीसच्या तेवीस तपासले. पश्चिमेच्या टोकाला एके ठिकाणी भेग होती, तिचं पुढे सांगते. बाकी आढं पावसाळ्याआधी होतं तसंच आहे. घरावर मंगलोरी कौलं असलेल्या, आणि स्लॅब टाका म्हणणाऱ्यांना कंटाळलेल्या माणसांना उपयोग होईल म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

घर नाशिकजवळच्या भगूरचं, आजेसासऱ्यांनी बांधलेलं. आढं पूर्व-पश्चिम, लांबी 28 फूट. गळायचं नेमकं माजघरात, धान्याच्या कोठीवर. पंधरा वर्षांपूर्वी कोन्यांखाली सिमेंट भरलं होतं आणि दर दोन वर्षांनी त्याच भेगांवर पुन्हा सिमेंट लिंपलं जायचं. मागच्या फेब्रुवारीत मी म्हटलं, एकदाच चांगलं काहीतरी करू. दुकानदाराने पॉलिमरची विटकरी पेस्ट दिली. पाच किलोचे दोन डबे, 1,850 रुपयांना एक. डब्यावर 10 वर्षांची वॉरंटी छापलेली. जुन्या कौलांच्या रंगाशी जुळावी म्हणून त्यात थोडा रेड ऑक्साइड (लाल रंगाची पूड) मिसळायला त्यानेच सांगितलं आणि पुडीही त्यानेच दिली. मजुरी धरून 6,200 रुपये गेले.

पहिल्या महिन्यात मी खूश होते. आढं एकसारखं, सुबक दिसत होतं. मग मेच्या पहिल्या आठवड्यात वळवाचा पाऊस आला. सासूबाईंनी पाच किलो गव्हाच्या चिकाच्या कुरडया घातल्या होत्या. ढग भरून आल्यावर आम्ही दोघींनी बाजेसकट सगळं ओट्यावर ओढून घेतलं. दहा मिनिटांत पागोळ्या सुरू झाल्या आणि त्या लाल होत्या. ओट्याच्या शहाबादी फरशीवर एका ओळीत, दर आठ-नऊ इंचांवर एक लाल ठिपका पडला, कारण कौलाची रुंदीच तेवढी आणि प्रत्येक पन्हळीतून एक धार. शिंतोडे उडाले ते थेट कुरडयांवर. अर्ध्याहून जास्त टाकून द्याव्या लागल्या.

लोक म्हणतात, रंग काय, आज ना उद्या धुतला जाईल, गळती महत्त्वाची. मला तसं वाटत नाही. शहाबादी फरशी रंग पिते. मी साबण, लिंबू, ब्रश सगळं करून पाहिलं, आणि आज जानेवारीतही ती ओळ वाकून पाहिली की दिसते. जो माल पहिल्याच सरीत स्वतःचा रंग धरून ठेवू शकत नाही, तो दहा वर्षं पाणी काय अडवणार, हा माझा प्रश्न होता आणि मी तो दुकानात जाऊन विचारलाही.

वॉरंटीचं सांगते. आधी बिल मागितलं, ते दिलं. मग फोटो मागितले, तेही पाठवले. चौथ्या फोननंतर एक मुलगा आला, खालूनच मोबाइलवर झूम करून फोटो काढले आणि म्हणाला, कौलांची हालचाल वॉरंटीत बसत नाही. कौलांची हालचाल होते म्हणूनच तर लवचीक माल घेतला होता! शिवाय रंगाचं त्यांनी अंगालाच लावून घेतलं नाही, कारण ऑक्साइड डब्यात नव्हता. पुडी त्यांच्याच गल्ल्यावरून आली होती, पण बिलावर वेगळी लिहिली नव्हती. म्हणून सांगते, दुकानदार तोंडी जे मिसळायला सांगेल ते बिलावर लिहून घ्या.

त्याच आठवड्यात शेजारच्या काकूंनी पेठ तालुक्यातल्या, कौलं लावणाऱ्या एका मामांचा नंबर दिला. त्या बाजूला अजून बरीच कौलारू घरं आहेत आणि दर उन्हाळ्यात कौलं चाळायचं, म्हणजे उतरवून पुन्हा लावायचं, काम चालतं. मामा वर चढले, दहा मिनिटं नुसते बघत बसले आणि खाली येऊन म्हणाले, "ताई, कोना बसला पाहिजे, चिकटला नाही पाहिजे. चिकटला का मोडूनच निघतो."

तसंच झालं. जुनं सिमेंट छिन्नीने काढताना 23 पैकी नऊ कोने फुटले. सिमेंटची भर भाजलेल्या मातीपेक्षा कडक होते. आपल्याकडे फेब्रुवारी-मार्चमध्ये दुपारी 33 अंश आणि पहाटे 13 असतात. लाकडी आढं, वासे, कौलं सगळं रोज थोडं हलतं. सिमेंट हलत नाही, मग सुटतं किंवा कोन्याला घेऊन फुटतं. भेग पडली की पाणी आत जातं आणि कडक भरीखाली अडकून राहतं. आमच्या आढ्याच्या लाकडाला एका जागी बोट रुतत होतं, ते त्यामुळेच.

पण खरी चूक मामांनी दाखवली ती वेगळीच. कोन्याच्या एका टोकाला ओठ असतो, तो शेजारच्या कोन्यावर बसतो. आमच्याकडे मागच्या गवंड्याने काम पश्चिमेकडून सुरू केलं होतं, त्यामुळे प्रत्येक ओठाखालची फट पश्चिमेला तोंड करून होती. पावसाळ्यात वारा पश्चिमेचा. म्हणजे पंधरा वर्षं आम्ही पावसाला तेवीस दारं उघडी ठेवली होती आणि त्यावर लिंपण करत होतो. कोने पूर्वेच्या टोकापासून लावत पश्चिमेकडे यायचं, म्हणजे प्रत्येक नव्या कोन्याचा ओठ आधीच्यावर बसतो आणि फट वाऱ्याच्या आडोशाला जाते. हे ऐकल्यावर मला त्या पेस्टवरचा राग थोडा आवरावा लागला. गळतीचा सगळा दोष तिचा नव्हता. लाल ठिपक्यांचा मात्र होता, ते मी अजूनही म्हणते.

कोने जुन्या नाशकातल्या पाडलेल्या वाड्याचे मिळाले. 60 रुपयांना एक, नऊ लागत होते, बारा घेतले. नवे घेताना माप आणि गोलाई जुळत नाही, म्हणून आपला एक कोना सोबत न्या. तिथे एका कौलाच्या पाठीवर स्वित्झर्लंडच्या बासेल मिशनचा ठसा आणि 1865 आकडा होता. आमच्याही काही कौलांवर तो आहे, आणि सासरे नेहमी सांगायचे की घर नंतरचं असलं तरी कौलं 1865 ची आहेत. पण तो आकडा मिशनचा मंगलोरचा कौलांचा कारखाना सुरू झाला त्या सालाचा आहे. पुढे कित्येक वर्षं तोच ठसा उमटत होता.

आता माल. एक घमेलं चुना, एक सुरखी, दोन वाळू. कळीचा चुना लोखंडी पिंपात विरवला. पाण्यात पडल्यावर तो उकळतो, वाफा येतात, डोळ्यांत कण गेला तर फार वाईट, म्हणून चष्मा आणि रबरी हातमोजे घालूनच, आणि पोरांना लांब ठेवून. शक्य असेल तर चुना महिनाभर आधी भिजवा, आम्हाला बाराच दिवस मिळाले. सुरखी परसातल्या जुन्या, मऊ भाजलेल्या विटा कुटून चाळून केली, फुकट. नदीची वाळू मिळाली नाही. क्रश सँड (दगड दळून केलेली वाळू) आणली आणि तीन वेळा धुतली, कारण तिच्यातली काळी धूळ चुना खाते.

नुसता चुना हवेतून हळूहळू घट्ट होतो, ओल्यात होत नाही. सुरखी घातली की तो ओलाव्यातही घट्ट होतो, आणि आमच्यापाशी पावसाला जेमतेम दोन आठवडे होते. शिवाय रंग विटेचाच. वर काही मिसळलेलं नाही, त्यामुळे उतरण्याचा प्रश्नच नाही.

सगळ्यात महत्त्वाचं काम मात्र मामांनी टबात केलं. प्रत्येक कोना पाण्यात बुडवला आणि बुडबुडे थांबेपर्यंत बाहेर काढला नाही. कोरड्या कोन्यातून बारीक साखळीसारखे बुडबुडे येतात आणि कान जवळ नेला तर चुरचुर ऐकू येते. कोरडा कोना चुन्यातलं पाणी शोषून घेतो आणि भर नुसती माती होऊन गळते. याआधी एकाही गवंड्याने आमच्याकडे कोने भिजवले नव्हते. भरही पूर्ण पोकळीत कोंबली नाही. दोन्ही कडांना मालाचा बिछाना, मध्ये पोकळ, म्हणजे लाकडाला हवा लागते. मग दरज आत दाबून, कडेपासून किंचित मागे घेतली, वर फासली नाही. दहा दिवस ओली पोती टाकली, सकाळ-संध्याकाळ मी पाणी मारलं. कौलांवर चालताना पाय कौलाच्या खालच्या कडेला, जिथे दोन कौलं एकमेकांवर बसतात आणि खाली रीप (आडवी लाकडी पट्टी) असते, तिथेच ठेवायचा. मधे पाय दिला की कौल गेलंच. मामांच्या कमरेला दोर होता, तुम्हीही आग्रह धरा.

खर्च: चुना 500, वाळू 400, कोने 720, दोन माणसांची तीन दिवसांची मजुरी 5,400. एकूण 7,020 रुपये. पेस्टपेक्षा 820 जास्त, पण पुढच्या वेळी हेच कोने न फुटता निघतील आणि पुन्हा लागतील.

जुलैत मात्र माझा धीर सुटला होता. दोन ठिकाणी केसासारख्या भेगा दिसल्या आणि मी मामांना फोन करून बरंच बोलले. ते म्हणाले, हात लावू नका. सप्टेंबरात बघितलं तर त्या भेगांच्या जागी पांढरी रेघ होती. झिरपणाऱ्या पाण्यात चुना थोडा विरघळतो आणि भेगेतच पुन्हा बसतो. मी मामांची फोनवर माफी मागितली. पश्चिमेच्या तोंडाचा कोना मात्र वाऱ्याने उचलला जात होता. तिथे ऑक्टोबरात चुन्यात थोडं सिमेंट घालून बसवावा लागला, आणि परवा दिसलेली भेग त्याच सांध्यात आहे. पुढच्या वेळी त्या कोन्याला तांब्याच्या तारेने आढ्याला बांधून वर नुसता चुनाच भरणार आहे.

ज्या दिवशी नाशकात गोदावरीचं पाणी दुतोंड्या मारुतीच्या (पूर किती चढला ते त्याच्यावरून मोजतात) छातीला लागल्याचे फोटो सगळ्यांच्या मोबाइलवर फिरत होते, त्या रात्री मी माजघरात कोठीवर कोरडं वर्तमानपत्र पसरून ठेवलं होतं. सकाळी त्यावर एक थेंब नव्हता.

उरलेल्या पेस्टचा अर्धा डबा पत्र्याच्या पन्हळीच्या सांध्याला लावला, तिथे ती चांगली टिकली आहे. रंग न मिसळता. तीन कोने परसात पोत्यावर उभे ठेवलेत. पिंपातला चुना वर चार बोटं पाणी ठेवून झाकला आहे, तसा तो खराब होत नाही. मामा फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात येणार आहेत, गोठ्याचं आढं करायला. या वेळी पावसाआधी तीन महिने हातात आहेत.